पिल्लासाठी क्लास शोधताना: ठाणे आणि नवी मुंबईकरांसाठी

आमचा कुत्रा बाळू अकरा वर्षं जगला आणि अकराही वर्षं छत्रीला घाबरत राहिला. तेव्हा आम्ही पाचपाखाडीत राहायचो. "सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला उंबऱ्याबाहेर काढू नका," असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही ते तंतोतंत पाळलं. साडेचार महिन्यांचा होईपर्यंत बाळूने जग पाहिलं ते गॅलरीच्या जाळीतून. आजारी तो एकदाही पडला नाही. पण वॉचमनची काठी, हेल्मेट घातलेला माणूस, कचऱ्याची गाडी, लिफ्टचं सरकतं दार, यातलं काहीही समोर आलं की चारही पाय रोवून थरथरायचा. गणपतीत ढोल सुरू झाले की बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसायचा. त्याला ट्रेनरकडे नेलं ते दीड वर्षाचा झाल्यावर, आणि तो ट्रेनरही आम्ही फोनवरच ठरवून टाकला होता.

बाळू गेल्यानंतर तीन वर्षांनी बुंदी आली, आठ आठवड्यांची, रस्त्यावर जन्मलेली. तिच्यासाठी क्लास शोधायला मी पहिल्याच आठवड्यात बाहेर पडले. तेव्हा जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. नवं पिल्लू घरी आलेल्या कुणाचा तरी एखादा आठवडा वाचावा, एवढ्यासाठी.

घाई कशासाठी

पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा ते चौदा आठवड्यांचं होईपर्यंत त्याचा मेंदू नव्या गोष्टी सहज स्वीकारतो. या काळात जे शांतपणे, मजेत भेटतं ते आयुष्यभर 'आपलं' वाटतं. जे भेटतच नाही त्याची पुढे भीती बसू शकते. कुत्र्यांच्या विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि आईजवळ तेवढे दिवस राहणं त्याच्या भल्याचंच असतं. म्हणजे पिल्लू तुमच्या घरी येतं तेव्हा या काळातले जेमतेम चार ते सहा आठवडे उरलेले असतात.

लसींचं वेळापत्रक मात्र याहून लांब चालतं. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, शेवटचा सोळा आठवड्यांच्या आसपास; रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. सगळे डोस संपण्याची वाट पाहिली तर शिकण्याचा सगळ्यात चांगला काळ हातातून गेलेला असतो. बाळूच्या बाबतीत नेमकं हेच झालं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच याबाबत भूमिका जाहीर केली होती: पहिला डोस आणि जंतांचं पहिलं औषध झालं, डोसनंतर किमान सात दिवस गेले, की सात-आठ आठवड्यांचं पिल्लूही क्लासला जाऊ शकतं, जागा स्वच्छ हवी आणि बाकीच्या पिल्लांच्याही लसी झालेल्या हव्यात.

पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे विषाणूजन्य आजार आपल्याकडे खरोखर पसरतात आणि पिल्लं खरोखर दगावतात, म्हणून डॉक्टरांची काळजी खोटी नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून रस्त्याच्या कडेला किंवा बागेतल्या गवतावर पिल्लाला सोडायचं नाही. पण क्लासच्या धुतलेल्या फरशीवर उतरवणं आणि रस्त्यावर सोडणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि हे अंतर आम्हाला बाळूच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

आधी डॉक्टरांकडे

पहिली पायरी डॉक्टरांचीच. लसीचं कार्ड, जंतांचं औषध, गोचिडांसाठी काय द्यायचं, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. मग सरळ विचारा: "क्लासला कधीपासून नेऊ? आसपास पार्व्होच्या केसेस सध्या जास्त आहेत का?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तुमच्या भागातली या महिन्यातली परिस्थिती डॉक्टरांना दिसत असते. त्यांनी दोन आठवडे थांबायला सांगितलं तर थांबा. त्या दोन आठवड्यांत घरी करण्यासारखं खूप आहे, ते पुढे लिहिते.

पावसाळ्यात पिल्लू आणलं असेल तर लेप्टोस्पायरोसिसची लस आवर्जून विचारा. उंदरांच्या लघवीतून हा आजार साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो. आपल्याकडे पाणी कुठे कुठे साचतं ते मी सांगायला नको.

नावं कुठून मिळवायची

इंटरनेटवर ट्रेनरची नावं पाचपन्नास मिळतात. मला जास्त उपयोग झाला तो माणसांना विचारल्याचा, पण प्रश्न बदलल्यावर. डॉक्टरांना "चांगला ट्रेनर कोण?" असं विचारलं की ते ओळखीतलं नाव सांगतात. "तुमच्याकडे येणारी कुठली कुत्री तपासणीच्या टेबलावर निवांत उभी राहतात? त्यांचे मालक कुठे गेले होते?" असं विचारलं की उत्तर वेगळं येतं. मला दवाखान्यातल्या मदतनीस ताईंकडून नाव मिळालं. कुत्र्यांना धरून ठेवण्याचं काम त्याच करतात, त्यामुळे कुठलं कुत्रं हात लावल्यावर आक्रसतं ते त्यांना बरोबर माहीत असतं.

दुसरी जागा सकाळची. कचराळी तलाव, उपवन, हिरानंदानीचे आतले रस्ते, नवी मुंबईत वाशीचं मिनी सीशोर किंवा नेरुळ-सीवूड्सकडची पाम बीच रोडलगतची फिरायची वाट, इथे साडेसहा-सातला कुत्री फिरवणारी मंडळी भेटतात. पट्टा सैल ठेवून चालणारं, मालकाकडे मध्येमध्ये वळून बघणारं कुत्रं दिसलं की थांबून विचारा. कुत्र्याचे लोक बोलायला नेहमी तयार असतात. पिल्लाला मात्र या फेरीत नेऊ नका, किंवा कडेवरच ठेवा.

पिल्लू दत्तक घेतलं असेल तर ज्या संस्थेकडून घेतलं तिथे विचारा. घोडबंदर रोडवर ठाणे एसपीसीएसारखी संस्था आहे. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांना कुठला ट्रेनर मारतो आणि कुठला मारत नाही याची माहिती असते.

शोधाची हद्द ठरवताना नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका. कासारवडवलीहून संध्याकाळी माजिवड्याला यायला किती वेळ लागतो ते घोडबंदरवाले जाणतात. तासभर गाडीत हिंदकळून, उलटी करून पोचलेलं पिल्लू काय शिकणार? ठाणे पूर्व किंवा कळव्याच्या लोकांना ऐरोली जवळ पडतं, ठाण्यातल्या अनेकांना मुलुंड. पण जोराच्या पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरतं, तेव्हा जूनमध्ये सुरू होणारा क्लास निवडताना याचाही विचार करा. अर्ध्या तासात पोचता येईल असा साधा क्लास, दीड तासावरच्या नावाजलेल्या क्लासपेक्षा बरा. कारण जाणं होतं.

फोनवर काय विचारायचं

आपल्या देशात ट्रेनर होण्यासाठी कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून शिक्षण कुठे झालं हे विचारण्यात संकोच नको. सीपीडीटी-केए किंवा केपीए-सीटीपी अशी ट्रेनरच्या प्रमाणपत्रांची अक्षरं नावापुढे असतील तर त्या माणसाने परीक्षा दिलेली असते आणि ती पद्धत बक्षीस देऊन शिकवण्याकडे झुकणारी असते. प्रमाणपत्र नसलेले उत्तम ट्रेनरही मला भेटले आहेत, तेव्हा तेवढ्यावर फुली मारू नका.

मी सगळ्यांना हे चार प्रश्न विचारले. पिल्लाने सांगितलेलं केलं तर काय होतं? नाही केलं तर काय होतं? एका बॅचमध्ये किती पिल्लं आणि कुठल्या वयाची? पैसे भरण्याआधी एक क्लास नुसता बसून बघू द्याल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐका. "नाही केलं तर मी काम सोपं करते, पुन्हा विचारते," हे उत्तर मला फक्त दोघांकडून मिळालं. बाकीच्यांनी "करेक्शन" हा शब्द वापरला. करेक्शन म्हणजे नेमकं काय, असं पुढे विचारलं की साखळीचा झटका, नाकावर टपली, मानगूट धरून खाली दाबणं, असं काहीतरी बाहेर येतं. "त्याला कळलं पाहिजे घरात बॉस कोण," असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून फोन ठेवा. कळपातला 'अल्फा' ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांकडे बघून रुजली. ती लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी पुढे स्वतःच ती दुरुस्त केली. १९९९ मध्ये त्यांनी मांडलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात, घरातल्यासारखं. आपल्या घरातलं दोन महिन्यांचं पिल्लू गालिच्यावर लघवी करतं ते सत्तेसाठी नव्हे.

सात दिवसांत गॅरंटी, आणि "पिल्लू महिनाभर आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो" या दोन्हींपासून लांब राहा. कर्जत-पनवेलकडच्या फार्महाऊसवर पाठवलेल्या पिल्लाबरोबर तिथे काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि पिल्लू तर सांगू शकत नाही. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत त्याने तुमच्या घराशी, तुमच्या लिफ्टशी, तुमच्या आजीच्या वॉकरशी ओळख करून घ्यायची असते. ती कर्जतला होत नाही.

एकदा पिल्लाशिवाय जाऊन बघा

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी गाळू नका. क्लास बघायला एकटे जा. पिल्लू बरोबर असलं की आपलं सगळं लक्ष त्याच्याकडे असतं, ट्रेनर त्याचं कौतुक करतो आणि आपण विरघळतो. बाळूच्या वेळी मी एक तास असा जाऊन बसले असते तर त्या ट्रेनरच्या हातातली गळ्याला आवळणारी साखळी मला दिसली असती. ती मला दिसली बाळूच्या गळ्यात, तिसऱ्या दिवशी.

पोचल्यावर आधी फरशी बघा. टाइल्स, रबरी मॅट, धुतलेली गच्ची चालेल. कुत्र्यांची सतत ये-जा असलेली माती किंवा हिरवळ लहान पिल्लांना नको. एखाद्या पिल्लाने शी-शू केली तर काय करतात ते पाहा. नुसता पोछा मारला तर पार्व्हो तिथेच राहतो. साधं घरगुती ब्लीच, एक भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात, दहा मिनिटं तसंच ठेवावं लागतं. दारात लसीची कार्डं कुणी तपासतं का? माझं पिल्लू आत घेताना कार्ड न मागणारा माणूस दुसऱ्याचंही मागत नाही.

मग ट्रेनरकडे न बघता पिल्लांकडे बघा. अर्धा तास फक्त पिल्लांकडे. शेपटी पोटाखाली गेलेली, कान मागे चिकटलेले, सारखी जांभई येते आहे किंवा जीभ ओठांवरून फिरते आहे, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसतं आहे, अशी पिल्लं किती? त्यातलं एखादं खुर्चीखाली शिरलं तर काय होतं? चांगला ट्रेनर मालकाला म्हणेल, "राहू दे, तिथूनच बघू दे त्याला," आणि बाकीच्यांना लांब नेईल. वाईट ट्रेनर पट्टा धरून त्याला मध्यभागी ओढेल आणि म्हणेल, "सवय होईल." सवय होत नाही. पिल्लू फक्त हे शिकतं की माझा माणूस मला वाचवत नाही.

खेळ सुरू झाला की आणखी कळतं. निकोप खेळात पाळी असते: एकदा हा वर, एकदा तो. मध्येच दोघं थांबतात, अंग झटकतात, पुढचे पाय वाकवून पुन्हा बोलावतात. एकच पिल्लू सतत खाली दबलेलं असेल तर ट्रेनरने दांडगोबाला हळूच उचलून बाजूला घ्यायला हवं. दबलेलं पिल्लू मग त्याच्याकडे परत गेलं तर खेळ ठीक होता. आपल्या माणसाकडे पळालं तर नव्हता. बुंदीचा क्लास मी याच एका गोष्टीवरून निवडला. ट्रेनर ताई एका लॅब्राडोरला दर दोन मिनिटांनी उचलून घेत होत्या आणि समोरच्या पगच्या पिल्लाला विचारत होत्या, "काय रे, पुरे की अजून?" ते पिल्लू धावत परत आलं तेव्हाच त्यांनी लॅब्राडोर सोडला.

बॅचमध्ये चार ते सहा पिल्लं पुरेत. आठ महिन्यांचा जर्मन शेफर्ड आणि नऊ आठवड्यांचं पिल्लू एकाच घोळक्यात असतील तर तो पिल्लांचा क्लास नाही. सगळा तास नुसता खेळ चालू असेल तरी नको, कारण मग पिल्लू शिकतं की कुत्रं दिसलं की आईबाबांना विसरून धावत सुटायचं. थोडा खेळ, मग नाव घेऊन परत बोलावणं, खाऊ, पुन्हा खेळ, अशी ये-जा हवी.

शेवटी माणसं बघा. ट्रेनर स्वतः कुत्रं हाताळून दाखवतो आणि मालक मोबाईलवर शूट करत उभे आहेत, असं असेल तर शिकतो आहे कोण? पट्टा तुमच्या हातात हवा आणि चूक तुमची दुरुस्त व्हायला हवी.

घरी येणारे ट्रेनर

ठाण्यात घरी येऊन शिकवणारे ट्रेनर क्लासपेक्षा सहज मिळतात. घोडबंदर किंवा खारघरच्या मोठ्या संकुलांत तर एकेका ट्रेनरची पाच-सहा घरं असतात. शी-शूची शिस्त, चावणं, एकटं राहणं यासाठी घरचा ट्रेनर फार कामाचा. पण तुमच्या हॉलमध्ये दुसरी पिल्लं नसतात, अनोळखी माणसं नसतात. म्हणून घरचा ट्रेनर घेतला तरी निदान चार-पाच वेळा पिल्लांच्या घोळक्यात जाण्याची सोय वेगळी करा. जवळपास क्लासच नसेल तर ट्रेनरलाच सांगा की त्याच्या घरांतली एका वयाची, लस झालेली तीन-चार पिल्लं एखाद्याच्या धुतलेल्या गच्चीवर रविवारी एकत्र आणा. आमच्या शेजारच्या सोसायटीत असंच सुरू झालं, आणि पैसेही कमी लागले.

सोसायटीत कुणी लिफ्टवरून किंवा बागेवरून हरकत घेतली तर भांडू नका, पण हेही माहीत असू द्या की पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यास मनाई करता येत नाही, अशी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्याची प्रत, लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना एकाच फाइलमध्ये ठेवा. आमच्या सेक्रेटरींनी फाइल पाहिली आणि विषय तिथेच मिटला.

क्लास सुरू होईपर्यंत घरी

पिल्लाला ओढणीच्या झोळीत किंवा कडेवर घेऊन रोज दहा मिनिटं बाहेर न्या. पाय जमिनीला लावायचे नाहीत, बघायचं सगळं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांच्या शेजारी उभं राहा. रिक्षा, शाळेची बस, भाजीवाल्याची आरोळी, रेनकोट घातलेला डिलिव्हरीवाला, छत्री उघडणारी शेजारीण. प्रत्येक नव्या गोष्टीला एक घास. घास हरभऱ्याच्या दाण्याएवढा: मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा अंडं, शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं गाजर. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही.

खूप जवळ गेलो का, हे ओळखायची सोपी खूण आहे. पिल्लू घास घेत असेल तर ठीक. आवडता घास तोंडाशी नेऊनही घेत नसेल तर दहा पावलं मागे या. बुंदीला जांभळी नाक्याच्या गर्दीपाशी नेलं तेव्हा तिने पनीरला तोंड लावलं नाही. मी लगेच मागे फिरले. पुढचे आठ दिवस आम्ही फक्त गल्लीच्या तोंडाशी उभं राहून परत यायचो. नवव्या दिवशी तिने खाल्लं.

ढोल-ताशा, फटाके, दहीहंडीचा डीजे यांची रेकॉर्डिंग मोबाईलवर मिळतात. जेवणाच्या वेळी अगदी बारीक आवाजात लावा, इतक्या बारीक की पिल्लाने मान वर करू नये. दर दोन-तीन दिवसांनी किंचित वाढवा. रोज पंजे, कान, दात हातात घेऊन एक घास द्यायचा, म्हणजे पुढे नखं कापणारे आणि डॉक्टर तुम्हाला दुवा देतील.

येऊरला मात्र कुत्रं नेऊ नका, पिल्लू असो की मोठं. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत, आणि कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांना लागतात. नवी मुंबईत टी. एस. चाणक्यजवळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो उतरतात तेव्हा तिथेही पट्टा सोडू नका.

पहिला दिवस

जाण्याआधी दोन तास जेवण देऊ नका. गाडीत उलटी होणार नाही आणि क्लासमध्ये खाऊची किंमत राहील. घरी शी-शू करून निघा. बरोबर छातीचा पट्टा आणि साधी पाच-सहा फुटी लीश, आपोआप लांब होणारी नको. लसीचं कार्ड, पाणी, जुनं फडकं ज्याला घराचा वास आहे, आणि दोन प्रकारचा खाऊ. दहा मिनिटं आधी पोचा आणि दाराबाहेर बसून आतले आवाज ऐकू द्या.

पहिल्या दिवशी पिल्लू काही शिकलं नाही तरी हरकत नाही. बुंदी पहिला अख्खा तास माझ्या चपलेवर बसून होती. ट्रेनर ताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही, फक्त जाता-येता पनीरचा तुकडा तिच्या पुढ्यात टाकत राहिल्या. दुसऱ्या रविवारी ती चपलेवरून उतरून दोन फरश्या पुढे गेली. तिसऱ्या रविवारी बाहेर पाऊस सुरू झाला, एका काकांनी दारातच छत्री झटकून बंद केली, आणि बुंदी उठून छत्रीचा वास घ्यायला गेली.